एक अंगावर, एक दांडीवर

घरातले वडीलधारे माणूस जाते, तेरावे-चौदावे उरकते, परगावचे आप्त आपापल्या वाटेने निघून जातात, आणि मग एखाद्या दुपारी कोणीतरी त्या माणसाची पत्र्याची ट्रंक उघडते. कुलूप बहुधा नसतेच. कडी तेवढी गंजलेली असते. आत वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्याखाली जे निघते ते पाहून उघडणारे हात क्षणभर थबकतात. ट्रंक आजीची असेल तर नऊवारी लुगडी चार, त्यांतली दोन दंड घातलेली. एक सोवळ्याचे रेशमी. थंडीची एक धाबळी. आणि लग्नातला शालू, ज्याची जर कुठल्याशा अडचणीच्या साली उतरवून विकलेली. आजोबांची असेल तर धोतरांच्या दोन जोड्या, तीन सदरे, एक काळा कोट, एक उपरणे, एक टोपी. सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य एवढ्या कापडात मावले. ज्या घरात एकेका माणसाला भिंतभर कपाट पुरत नाही, त्या घरातली पुढची पिढी हे पाहते तेव्हा तिच्या मनात दोन भावना एकाच वेळी उमटतात. थोडा अभिमान वाटतो, थोडी लाज वाटते. हे समाधान होते की दारिद्र्य, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही.

मराठी भाषेनेही तो मोकळाच सोडला आहे. ‘एक अंगावर, एक दांडीवर’ हे शब्द दोन सुरांत उच्चारले जातात. एका सुरात कणव असते: बिचाऱ्यांचे कसे चालले होते पाहा! दुसऱ्या सुरात आदर असतो: माणूस किती निःस्पृह होता! शब्द तेच, बोलणाराही कित्येकदा तोच. साहित्याच्या चर्चेत अल्पाक्षरत्वाचा गौरव नेहमी होतो; पण कवीने मोजके शब्द निवडले, की त्याच्यापाशी शब्दच मोजके होते, याची चौकशी समीक्षक क्वचितच करतात. वस्त्रांच्या बाबतीत ही चौकशी टाळता येत नाही. कारण शब्दांवाचून थंडी वाजत नाही.

थंडीचा उल्लेख सहज आलेला नाही. थोडक्या वस्त्रांत राहण्याचा या देशातला सर्वांत जुना आणि सर्वांत विचारपूर्वक केलेला हिशेब एका थंडीच्या रात्रीच मांडला गेला. विनयपिटकाच्या महावग्गात ती हकीकत आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना बुद्धांनी वाटेत काही भिक्षू पाहिले. त्यांच्या डोक्यावर चीवरांचे गाठोडे, खांद्यावर गाठोडे, कमरेला गाठोडे. घरदार सोडून निघालेली माणसे, पण कापडाच्या ओझ्याने वाकलेली. मर्यादा घालायला हवी हे उघडच होते. ती किती घालायची एवढाच प्रश्न होता. येथे एखाद्या धर्मसंस्थापकाने शुभ संख्या सांगितली असती तर कोणी आश्चर्य केले नसते. बुद्धांनी तसे केले नाही. माघ-फाल्गुनाच्या संधीवरचे, हिम पडण्याचे ते दिवस होते. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी ते रात्री उघड्यावर बसले, अंगावर एकच चीवर घेऊन. पहिला प्रहर सरेपर्यंत थंडी वाजली नाही. तो सरताना वाजू लागली, तेव्हा दुसरे पांघरले. मधला प्रहर सरताना तिसरे घेतले, आणि शेवटचा प्रहर सरून अरुणोदय होऊ लागला तेव्हा चौथे. यावरून त्यांनी ठरवले की थंडी न सोसणाऱ्या कुलीन घरच्या माणसालाही एवढ्यात रात्र काढता येते. मग तीन वस्त्रांची अनुज्ञा दिली: कमरेचे अंतरवासक एकेरी, अंगावरचे उत्तरासंग एकेरी, आणि वर घ्यायची संघाटी दुहेरी. एकेरी, एकेरी, दुहेरी, म्हणजे रात्रीची ती चार चीवरे हिशेबात बरोबर बसली.

या कथेतली मोठी गोष्ट तीन हा आकडा नव्हे. आकडा अंगावर घेऊन पाहिलेला आहे, ही मोठी गोष्ट. दुसऱ्याने किती कपड्यांत राहावे हे सांगण्यापूर्वी सांगणारा स्वतः रात्रभर कुडकुडला. शिवाय नियम कठोर असूनही आडमुठा नव्हता. जादा चीवर मिळाले तर दहा दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा पुढे मिळाली. धर्मानंद कोसंबींनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ मराठीत करून दिला त्याला आता शतक होत आले, तरी विनयाच्या या भागाकडे मराठी वाचक फारसा फिरकत नाही. नियमांचे पुस्तक नीरस असणार असे आपण धरून चालतो. वास्तविक त्यात गृहिणीच्या नजरेने टिपलेले तपशील जागोजागी भेटतात. मगधातली बांध घातलेली भातखाचरे दाखवून, चीवर या नमुन्याचे शिवता येईल का, असे बुद्धांनी आनंदाला विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून ते तसे शिवले. तुकड्यांत फाडलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, म्हणून चोर तिकडे पाहत नाही, हा त्यातला व्यवहार. भिक्षूच्या अंगावर आजही दिसणाऱ्या त्या शिवणी म्हणजे शेताचे बांध आहेत.

याच आनंदाची दुसरी एक गोष्ट चुल्लवग्गात आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्याला पाचशे उत्तरासंग दान दिले. राजाला संशय आला: हा श्रमण कापडाचे दुकान घालणार की काय? त्याने जाऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देणार. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बिछायत. जुन्या बिछायतीचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? केर झाडायची फडकी. आणि त्या फडक्यांचे? ती कुटून, चिखलात कालवून, त्याने जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा संवाद वाचताना मराठी वाचकाला आपल्या माजघराची आठवण झाली नाही तर नवल. लुगडे मध्यभागी विरले की ते तेवढे कापून टाकायचे आणि दोन्ही चांगले भाग जोडून दंड घालायचा. ते आणखी दोन वर्षे जाई. मग ते इतके मऊ होई की त्याची बाळंतघरात दुपटी आणि लंगोट होत. नवजात बाळाला नवे कापड टोचते, आजीचे जुने टोचत नाही. उरलेल्याची गोधडी. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे, मग पोतेरे, आणि एखादी चांगली चिंधी राहिलीच तर पीळ घालून तेलात बुडवून तिचा काकडा. कापडाचा प्रवास असा उजेडात संपे. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून कांथा शिवतात, आणि टाके घालायला दोराही जुन्या साडीच्या काठातूनच उसवून घेतात; बिहारात सुजनी, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी, सगळ्यांची जात एकच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहपालटाला वस्त्रपालटाची उपमा दिली आहे. उपमा थोर खरी. परंतु जीर्ण वस्त्र सरळ टाकून देणारा तो माणूस या देशातल्या कोणत्या घरी राहत होता, हे शोधावे लागेल. येथे बायकांनी जीर्ण वस्त्र कधी टाकलेले नाही.

हे शक्य झाले त्याला कापडाचा एक गुणही कारण होता. लुगडे, धोतर, उपरणे, मुंडासे, पंचा ही सारी न शिवलेली वस्त्रे. त्यांना माप नसते. माणूस लठ्ठ झाला, वाळला, बाई गरोदर राहिली, बाळंत झाली, तरी वस्त्र तेच. सासूचे सुनेला होते, थोरलीचे धाकटीला होते. आकार कापडात नसतो, नेसण्यात असतो, म्हणून काळ बदलला तरी कापड जुनाट ठरत नाही. धनगराची घोंगडी तर याचा कळस म्हणावी. काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली ती घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर घेता येते, रात्री अंथरता येते, पांघरता येते, पाहुण्याला बसायला देता येते, आणि कोकरू आजारी पडले तर त्यात गुंडाळून खांद्यावर टाकता येते. इतकी कामे एका वस्तूकडून करून घेणाऱ्याला कपाट लागत नाही. पण त्याला दुसरी घोंगडी नको होती की परवडत नव्हती? पुन्हा तोच प्रश्न.

तो प्रश्न ज्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला त्यांत मोहनदास गांधी यांचे नाव पहिले घ्यावे लागते. आणि त्यांची आत्मकथा जितकी सत्याच्या प्रयोगांची तितकीच कपड्यांच्या प्रयोगांची आहे. १८८८ मध्ये लंडनला गेलेल्या या तरुणाने एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवला आणि थोरल्या भावाकडून घड्याळाची सोन्याची दुहेरी साखळी मागवली. पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना त्याच माणसाच्या लक्षात आले की कॉलर धुण्याची मजुरी जवळजवळ कॉलरच्या किमतीइतकी होते. त्याने धुलाईचे पुस्तक आणले, अभ्यासले, पत्नीलाही शिकवले. स्वतः धुतलेली पहिली कॉलर घालून तो कोर्टात गेला. इस्त्री पुरेशी तापवलेली नव्हती, खळ जास्त झाली होती, आणि ती कॉलरवरून गळू लागली. वकीलमंडळी हसली. यात त्यागाचा आव नाही. काटकसर आहे, हौस आहे, आणि हसू झाले तरी न लाजण्याची तयारी आहे. साधेपणा असाच सुरू होतो. तो आरंभी थोडासा विनोदीच दिसतो.

याच प्रकरणात गोखल्यांच्या उपरण्याची हकीकत येते. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले. त्यांच्यापाशी एक उपरणे होते. ते न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले. गोखले ते प्राणापलीकडे जपत आणि विशेष प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठरवली, तो प्रसंग तसा होता. पण उपरणे चुरगळलेले होते आणि परिटाकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करण्याची तयारी दाखवली. गोखल्यांचे उत्तर असे की वकील म्हणून तुमच्यावर विश्वास टाकीन, परीट म्हणून टाकणार नाही. हे डागाळले तर? गांधींनी आग्रह धरला, इस्त्री केली, आणि गोखल्यांची पसंती मिळवली. मग जगाने दिली नाही तरी त्यांना पर्वा नव्हती. कालातीत वस्त्र कशाला म्हणावे, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. ते पुण्यातले एक साधे उपरणे होते. गुरूने शिष्याला दिलेले, शिष्याने समुद्रापार नेलेले, आणि ज्याने स्वतःला त्या शिष्याचा शिष्य मानले त्याने तापलेल्या लोखंडाखाली श्वास रोखून सरळ केलेले. त्याची किंमत कोणत्याही दुकानदाराला सांगता आली नसती.

मात्र गांधींचा पंचा या आनंददायक वाटेने आलेला नाही. त्याची सुरुवात १९१७ मध्ये चंपारणात झाली असे म्हणावे लागेल. भितिहरवा गावाजवळच्या एका लहान खेड्यातल्या काही स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसले, म्हणून त्यांना विचारायला गांधींनी कस्तुरबांना सांगितले. एका बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेले आणि दाखवले: येथे पेटी नाही, कपाट नाही. अंगावरची आहे तीच साडी. ती धुवायची कशी? दुसरी आणून द्या, म्हणजे रोज न्हाईन, रोज धुईन. ‘एक अंगावर’ एवढेच होते; दांडीवर काही नव्हते. चार वर्षांनी, ३१ जुलै १९२१ रोजी, मुंबईत परळला विदेशी कापडाची होळी झाली. उघड्यानागड्यांच्या देशात कापड जाळणे रवींद्रनाथांना पटले नाही, आणि त्यांनी ते लिहून सांगितले. गांधींनी उत्तर दिले. पण त्याहून बोलके उत्तर त्यांनी आधीच अंगावर घेतले होते. दौऱ्यात त्यांना लोक सांगत होते की विदेशी टाकू, पण खादी घेण्याची ऐपत नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरैला त्यांनी टोपी आणि सदरा सोडला आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसला. हे सुरुवातीला ऑक्टोबरअखेरपर्यंतच करायचे होते, हे आता कोणाच्या लक्षात नसते. ते जन्मभर टिकले.

येथपर्यंत सारे उदात्त आहे. अडचण यापुढे आहे. मोजकी वस्त्रे ही निवड असते तेव्हा ती शोभते. ती शिक्षा असते तेव्हा तिला साधेपणा म्हणणे हा अपराध होय. महाराष्ट्रात ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवेला कितीतरी पिढ्या लाल आलवणाखेरीज दुसरे वस्त्र नव्हते. काठ नाही, रंग निवडायचा नाही, चोळी नाही. एकच वस्त्र, एकच रंग, जन्मभर. आज ज्याला मोजक्या वस्त्रांचा आदर्श म्हणतात त्याची प्रत्येक अट आलवणाने पुरी केली होती. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क मिळवण्यासाठी दीर्घ संघर्ष करावा लागला, त्यात दंगली झाल्या, आणि १८५९ च्या जाहीरनाम्याने अंग झाकण्याची परवानगी दिली तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे नेसायचे नाही या अटीवर. थोडे वापरण्याचे पुण्य ज्यांच्या माथी मारले गेले त्यांनी ते मागितलेले नव्हते.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून जे सांगितले ते या विषयातले निर्णायक वचन मानले पाहिजे. स्वतःला अस्पृश्य समजू नका. स्पृश्य बायका नेसतात तसे लुगडे नेसा. अंगावर ठिगळे असली तरी चालतील, पण वस्त्र स्वच्छ हवे. कोणते वस्त्र नेसावे आणि कोणत्या धातूचा दागिना घालावा हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. आलेल्या स्त्रियांनी नेसण्याची पद्धत तेथल्या तेथे बदलली. पाहा: नवे लुगडे कोणालाच मिळाले नव्हते. होते तेच, कदाचित दंड घातलेले. बदलली ती नेसणारी बाई. बाबासाहेबांचा सूट आणि गांधींचा पंचा यांची तुलना अनेकांनी केली आहे आणि ती करताना बहुतेकांनी कोणाला तरी कमी लेखले आहे. तसे करण्याचे कारण नाही. ज्याला घालता येत होते त्याने काढून ठेवले, ज्याला घालू दिले जात नव्हते त्याने घातले. दोघांनीही आपापल्या वस्त्राची निवड स्वतः केली. पण सूट घालू पाहणाऱ्याला पंच्याचा उपदेश करणे, हे मात्र बसत नाही. आणि तो उपदेश आपल्याकडे पुष्कळ झाला आहे.

परीट समाजात जन्मलेले गाडगेमहाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र वागवीत आणि डोक्यावर फुटके गाडगे घेत. तेच गाडगे उन्हात टोपी होई आणि जेवताना पात्र. दुसऱ्यांचे कपडे स्वच्छ करणाऱ्यांच्या घरातला मुलगा स्वतः चिंध्या नेसतो आणि हातातल्या खराट्याने गाव झाडतो, यात जी धार आहे ती एखाद्या श्रीमंताच्या साधेपणाला कधी येणार नाही. त्यांनी कोणालाही चिंध्या नेसायला सांगितले नाही. मुलांना शाळेत घाला, असे सांगितले.

अमेरिकेत १९८५ मध्ये डोना करन या वस्त्रकर्तीने सात सोप्या वस्त्रांची कल्पना मांडली: सातच नग, एकमेकांशी जुळणारे, ऑफिसला आणि समारंभाला सारखेच चालणारे. कल्पना चांगली, नोकरी करणाऱ्या स्त्रीची सोय पाहणारी. पुढे तिची अनेक अनुकरणे झाली. फक्त तेथे थोडके कपडे आधी विकत घ्यावे लागतात, आणि त्यासाठी पुष्कळ कपडे आधी टाकावे लागतात. आपल्याकडे हे टाकलेले कपडे दारावर येणारी बोहारीण घेते. दोन पँटी आणि एका साडीला स्टीलचा एक डबा, अशी घासाघीस होते. तिच्या गाठोड्यातले कपडे धुऊन, टाके घालून पुन्हा बाजारात येतात आणि एखाद्या मजुराच्या अंगावर चढतात. त्याचे कपाट कोणत्याही सल्ल्यावाचून आटोपशीर असते. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण त्यालाही ठाऊक असते. मुलाच्या शाळेत जायचे असले की खुंटीवरचा जपून ठेवलेला सदरा तो उतरवतो, तांब्यात निखारे घालून घड्या मोडतो, आणि मग घालतो.

तिकडे ट्रंक अजून उघडीच आहे. वरची लुगडी सुना-नातींनी वाटून घेतली. एकीने दंड घातलेले लुगडे उजेडाकडे धरून पाहिले. टाके इतके बारीक की बोट फिरवल्यावाचून शिवण कळू नये. ती कोणाला कळू नये अशाच बेताने घातलेली, निऱ्यांच्या आत जाईल अशी. धाबळी कोणीतरी गोधडीत घालायला म्हणून बाजूला ठेवली. सर्वांत खाली, कागदाच्याही खाली, आणखी एक लुगडे निघाले. हिरवे, बारीक नक्षीच्या काठाचे. दुकानाची चिठ्ठी अजून तशीच टोचलेली. कोणाला ते तिच्या अंगावर पाहिल्याचे आठवेना. कोणत्या समारंभासाठी ठेवले होते, कोणी दिले होते, की तिनेच कधी कोणाला न सांगता घेतले होते, हे सांगू शकणारे घरात कोणी उरले नव्हते. घडी मोडलेली नव्हती. धाकट्या नातीने ते अलगद उलगडायला घेतले, तर घडीघडीवर कापड विरलेले होते.